शंभर वॉटचा माज, दहा बाय बाराची खोली

गिटार शिकायला लागलेल्या पोराने घरी वाजवायला दहा वॉटचा छोटा ॲम्प घेतला, की सल्लागारांची रांग लागते. क्लासमधला सिनियर येतो, कॉलेजच्या बँडचा माजी लीड गिटारिस्ट येतो, आणि ज्याने स्वतःची गिटार गेल्या दिवाळीपासून बॅगेतून काढलेली नाही असा एखादा दूरचा दादाही येतो. सगळ्यांचं म्हणणं एकच. "अरे, हे काय डबडं घेऊन बसलास? हा ॲम्प नाही, रेडिओ आहे. थोडं थांबायचंस, पैसे साठवायचेस, एकदाच काय तो ट्यूब ॲम्प घ्यायचास!" बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर अशी काही कणव असते, की पोराला वाटावं आपण चोरीचा माल घरात आणलाय.

हे मत आता इतकं रुळलंय, की ते तपासून बघावं असंही कुणाला वाटत नाही. म्हणून आधी ते त्याच्या पूर्ण धारेसकट मांडतो. पहिलं कलम: दहा-पंधरा वॉटमध्ये दम नाही, खरा आवाज पन्नास-शंभर वॉटनंतर सुरू होतो. दुसरं: ट्रान्झिस्टर आणि चिपचा आवाज मेलेला, जीव फक्त ट्यूबमध्ये. तिसरं: स्वस्त ॲम्पवर सराव केला की कान बिघडतो. चौथं: असला ॲम्प सहा महिन्यांत अपुरा पडणारच, तेव्हा एक तर तो घेऊच नका, आणि घेतलाच असेल तर स्पीकर बदला, कंडेन्सर बदला, केबल बदला, काहीतरी बदलाच.

चार कलमं झाली, पण एक साधा प्रश्न यात कुठेच आला नाही. हा ॲम्प ठेवायचा कुठे? वाजवणारा राहतो डोंबिवलीच्या वन बीएचकेत किंवा कोथरूडच्या जुन्या सोसायटीत. पलीकडच्या खोलीत आजी झोपलेली, भिंतीला भिंत लागून शेजाऱ्यांचं बाळ, आणि तक्रारीची वही उघडून बसलेला सोसायटीचा सेक्रेटरी. सल्ला मात्र असा दिला जातो, जणू पोराला उद्या संध्याकाळी वानखेडेवर वाजवायचंय.

वॉटपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त अडाणीपणा तिथेच आहे. शंभर वॉट म्हणजे दहा वॉटच्या दसपट आवाज, अशा समजुतीने लोक पैसे मोजतात. कानाचा हिशेब तसा चालत नाही. ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे "वाढला वाटतं जरा" इतपत. दसपट केली की १० डेसिबलने वाढतो आणि सर्वसाधारण कानाला तो दुप्पट वाटतो. दहाचा टाकून शंभरचा आणला, तर एवढं सगळं करून हाती लागतो दुप्पट आवाज. बरं, तो वापरणार कधी? आजी उठल्यावर?

आता उलट बाजूने मोजून बघू. गिटारच्या प्रत्येक स्पीकरचा एक आकडा असतो, ज्याच्याकडे दुकानात कुणी ढुंकून बघत नाही: एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० या नावाजलेल्या बारा इंची स्पीकरचा हा आकडा १०० आहे, ग्रीनबॅकचा ९८. छोट्या ॲम्पमधल्या सहा-साडेसहा इंची स्पीकरचा बराच कमी असतो. आपण ८८ धरू, म्हणजे डबड्यावर मेहेरबानी केली असं कुणी म्हणायला नको. दोन माणसांचं साधं बोलणं एक मीटरवरून साठेक डेसिबल भरतं. दार लावून घरात वाजवताना ७५ डेसिबल म्हणजे पुष्कळ झाले. ८८ वरून ७५ वर यायचं तर १३ डेसिबल कमी करायचे, म्हणजे ताकद लागली एका वॉटचा विसावा भाग. पिकचा पहिला घाव तारेवर जोरात बसतो, त्यासाठी वर दसपट राखीव ठेवू. तरी बेरीज होते अर्धा वॉट! दहा वॉटच्या त्या "दम नसलेल्या" खोक्यात अजून साडेनऊ वॉट पडून आहेत. शंभरच्या खोक्यात साडेनव्व्याण्णव. या पडून राहिलेल्या वॉटचे पैसे मोजायला सांगणाऱ्याला आपण जाणकार म्हणतो.

कायदाही लक्षात असू द्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५. नोकरी करणारा माणूस लोकलचे धक्के खाऊन घरी येतो, जेवतो, गिटार हातात घेतो, तोवर घड्याळात दहा वाजतातच. गणपतीत रस्त्यावर स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात हे खरं, पण ती काही तुमच्या बेडरूममध्ये भिंत उभारायची परवानगी नव्हे.

मग हे शंभर वॉटचं खूळ आलं कुठून? लंडनच्या पश्चिम भागात जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. तिथे १९६२ मध्ये फेंडरच्या बासमन या अमेरिकन ॲम्पवरून बेतलेला जेटीएम ४५ तयार झाला. १९६५ च्या सुमारास 'द हू' या बँडच्या पीट टाउनशेंड वगैरे मंडळींना तेवढा आवाज पुरेना, त्यांनी आणखी मागितला, आणि मार्शलचा शंभर वॉटचा ॲम्प जन्माला आला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांहून जास्त लोकांपुढे उभे राहिले. व्हॉक्सने त्यांच्यासाठी मुद्दाम शंभर वॉटचे ॲम्प बनवले होते, गाणं मात्र स्टेडियमच्याच भोंग्यांमधून चाललं होतं, आणि लोकांच्या किंकाळ्यांत वाजवणाऱ्यांना आपलंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. त्या काळी गिटारच्या ॲम्पपुढे माइक लावून तो आवाज मोठ्या पीए सिस्टिमला देण्याची पद्धत रुळलेली नव्हती. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर तो ॲम्पनेच पोचवायचा. शंभर वॉटचा जन्म या अडचणीतून झाला, सुरांच्या कुठल्या गरजेतून नव्हे.

ती अडचण कधीच संपली. आज स्टेजवरच्या ॲम्पपुढे शुअर एसएम५७ सारखा माइक असतो आणि हॉल भरायचं काम पीए करतो. छोटा ॲम्प स्टेजवर ठेवा, माइक लावा, बाल्कनीतल्या माणसालाही ऐकू जाईल. आपल्याकडे तर मोठ्याने वाजवायच्या जागाच कमी होत गेल्या. धोबी तलावच्या रंगभवनात एकेकाळी रॉकचे मेळे भरत. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तिथल्या मैफली थांबल्या. ज्या शहरात रंगभवनाला शंभर वॉट परवडले नाहीत, त्या शहरात ते तुमच्या बेडरूमला परवडतील?

आता दुसरं कलम, ट्यूबचा जीव. ट्यूब ॲम्पच्या ज्या गोडव्याची एवढी महती गातात, तो बऱ्याच अंशी येतो शेवटच्या पायरीवरून. पॉवर ट्यूब आपल्या मर्यादेपर्यंत ताणल्या जातात, आउटपुट ट्रान्स्फॉर्मर भरून येतो, स्पीकरचा कोन थरथरायला लागतो, आणि हे सगळं मिळून तो भरदार, किंचित फुटलेला आवाज होतो. पण त्यासाठी ॲम्प मोठ्याने वाजवावा लागतो. घरी काय होतं ते कुणाच्याही घरी जाऊन बघा. लाखाच्या घरातला ॲम्प, आणि त्याचा मास्टर व्हॉल्यूम शून्य आणि एकच्या मध्ये कुठेतरी. बोटाने केसभर पुढे सरकवला की गर्जना, केसभर मागे आला की गप्प. वाजवणारा श्वास रोखून ते बटण तिळातिळाने फिरवतोय, आणि आतल्या पॉवर ट्यूब कामाशिवाय नुसत्या गरम होत बसल्यात. त्या आवाजात ऐकू येतो तो बहुतेक प्रीॲम्पचाच रंग. ज्यासाठी लाख मोजले ते वाजतच नाही.

वर पुन्हा तो आवाज पातळ लागतो, त्यालाही कारण आहे. हार्वे फ्लेचर आणि विल्डेन मन्सन यांनी बेल लॅब्समध्ये केलेलं काम १९३३ मध्ये प्रसिद्ध झालं. आवाज हळू झाला की कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर मधल्या सुरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात, हे त्यातून दिसलं. जुन्या टेप डेकवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ते यासाठीच. हळू ऐकताना बेस आणि ट्रेबल जरा उचलून द्यायचं त्याचं काम. स्टेजच्या आवाजासाठी बेतलेला ॲम्प कुजबुजत वाजवला की तो किडकिडीतच लागणार. मालकाला वाटतं ट्यूब खराब आहेत, बदलू या. म्हणजे पुन्हा खर्च.

घरासाठी मुद्दाम बनवलेले ॲम्प हा विचार करूनच बेतलेले असतात. यामाहाने २०११ मध्ये टीएचआर१० काढला. त्यात जेमतेम आठ सेंटिमीटरचे दोन स्पीकर आहेत, तो बॅटरीवरही चालतो आणि हळू वाजवल्यावर आवाज भरलेला लागावा हाच त्याचा सगळा खटाटोप आहे. रोलंडचा मायक्रो क्यूब जीएक्स पाच इंची स्पीकर, ३ वॉट आणि सहा पेन्सिल सेलवर संसार करतो. बॉसच्या कटाना ५० वर तर ताकद निवडायचं बटणच आहे: ५०, २५ आणि ०.५ वॉट. पन्नास वॉटचा ॲम्प विकणाऱ्या कंपनीने स्वतःहून त्यावर अर्ध्या वॉटची खूण का छापली असेल? गिऱ्हाईक राहतं कुठे हे कंपनीला कळतं, आपल्या दादाला कळत नाही.

ट्यूबची आणखी एक बाजू सल्लागार कधी सांगत नाहीत. आत तीनशे-चारशे व्होल्ट खेळत असतात, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ ते भरून राहतात. स्पीकर न जोडता ॲम्प चालू केला तर आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळू शकतो. ट्यूब झिजतात, बदलाव्या लागतात, आणि कित्येक ॲम्पमध्ये बदलल्यावर बायस लावून घ्यावा लागतो. मुंबईत असा कारागीर शोधून सापडेल. रत्नागिरीत, नांदेडात, चंद्रपुरात राहणाऱ्याने काय करायचं? वीस किलोचं धूड एसटीत टाकून मुंबई गाठायची?

"पण छोटा ॲम्प म्हणजे शेवटी खेळणंच ना!" असं म्हणणाऱ्यांनी जरा इतिहास चाळावा. फेंडरचा चॅम्प हा विद्यार्थ्यांसाठीच काढलेला ॲम्प होता. पाचेक वॉट, आठ इंची स्पीकर. १९७० मध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत एरिक क्लॅप्टन आणि ड्युएन ऑलमन 'लैला'चा अल्बम ध्वनिमुद्रित करत होते, तेव्हा त्यांनी मार्शलच्या भिंती उभ्या केल्या नव्हत्या. तो आवाज चॅम्पसारख्या चिमुकल्या ॲम्पमधून निघालेला आहे. ज्या टोनसाठी मंडळी शंभर वॉटचा हिशेब मांडतात, तो पाच वॉटचा निघाला तर करायचं काय?

"हो, पण तो ट्यूबचा होता!" मागून आवाज आलाच. बरं, मग ट्यूबही काढून टाकू. १९७२ ची गोष्ट. क्वीन या बँडचा बास वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. लंडनच्या रस्त्यावर भंगाराच्या पेटीत त्याला एक सर्किट बोर्ड सापडला. तो त्याने पुस्तकांच्या कपाटात मावेल अशा जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडला. ट्यूब एकही नाही, जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर. ताकद एक वॉटही नाही. व्हॉल्यूमचं बटण नाही, टोनचं नाही, काहीच नाही. सरावापुरता केलेला हा जुगाड ब्रायन मेच्या हाती पडला आणि पुढे क्वीनच्या अल्बममध्ये वर्षानुवर्षं वाजत राहिला. १९७५ च्या 'गुड कंपनी' या गाण्यात जो अख्खा जाझ बँड ऐकू येतो, ती याच खोक्यातून निघालेली ब्रायन मेची गिटार आहे. भंगारातला बोर्ड, बॅटरी आणि जुनं खोकं! आपल्या दादाने हा ॲम्प बघितला असता तर काय म्हणाला असता, ते सांगायला नकोच.

ट्रान्झिस्टरमध्ये जीव नसतो म्हणणाऱ्यांसाठी आणखी दोन नावं. बी. बी. किंग यांच्या गिटारमध्ये जीव नव्हता असं म्हणायची कुणाची छाती आहे? त्यांचा आवडता लॅब सिरीज एल५ हा ट्रान्झिस्टरचा ॲम्प होता. रोलंडचा जेसी-१२० हाही ट्रान्झिस्टरचाच. १९७५ मध्ये आला, आणि त्याच्या स्वच्छ आवाजासाठी आजही स्टुडिओवाले तो बाळगून असतात. जीव बोटांत होता तेव्हा ट्रान्झिस्टर आड आला नाही. बोटांत नसला तर ट्यूब कुठून आणणार?

तिसरं कलम कानाचं. स्वस्त ॲम्पवर कान बिघडतो म्हणे. नवशिक्याच्या कानाला काय काय कळायला हवं, त्याची यादी करू. गिटार सुरात लागली आहे का. कॉर्ड पकडल्यावर सहाच्या सहा तारा वाजतात, की एखादी बोटाखाली दबून मुकी होते. बेंड केलेली तार नेमक्या सुरावर पोचते, की अलीकडेच थांबते. ठेका धावतो का. यातली कुठली गोष्ट सहा इंची स्पीकरवर ऐकू येत नाही? उलट छोट्या ॲम्पचा क्लीन आवाज काही लपवत नाही. तार मुकी राहिली की ती मुकीच ऐकू येते. कान बिघडवतो तो गेन. महागड्या ॲम्पवर गेन नऊवर नेऊन ठेवला, की सगळ्या चुका त्या गडगडाटात बुडून जातात आणि पोराला वाटतं आपण वाजवायला लागलो.

आपल्या गाणाऱ्यांकडे हा घोळ नाही. मैफलीत मागे मिरजेचे दोन तंबोरे असतात. घरच्या रियाजाला राडेल कंपनीचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा गुणगुणत असतो. एखाद्या शिष्येला तिच्या गुरूंनी "आधी मिरजेची जोडी आण, मग सा लाव" असं सांगितल्याचं ऐकलंय कधी? मैफलीची सोय वेगळी, रियाजाची सोय वेगळी, हे शहाणपण ज्या घरात आईच्या गाण्याला मिळतं, त्याच घरात पोराच्या गिटारला का मिळू नये?

उरलं चौथं कलम, अपग्रेडचं, आणि इथे तर बाजारच मांडलेला आहे. पहिला उपदेश स्पीकर बदलायचा. दहा वॉटच्या छोट्या खोक्यात महागडा सहा इंची स्पीकर बसवून काय होणार? खोक्याचं पोट तेवढंच, लाकूड तेच, आतली चिप तीच. थोडा फरक पडेल. पण ॲम्पच्या किमतीचा स्पीकर ॲम्पमध्ये घालणं हा हिशेब कुठल्या वहीत बसतो? शिवाय ओहम न बघता स्पीकर जोडणारेही कमी नाहीत. चिपने सांगितलेल्या ओहमपेक्षा कमीचा स्पीकर लावला की चिप तापते, आणि एक दिवस वास येतो. मग दुरुस्तीसाठी लॅमिंग्टन रोड किंवा तपकीर गल्ली.

दुसरा उपदेश कंडेन्सर आणि आयसी बदलायचा. दहा वॉटच्या ॲम्पचे कंडेन्सर बदलून टोन "उघडला" म्हणणाऱ्याला डोळे बांधून दोन्ही ॲम्प ऐकवावेत. मग काय काय उघडतं ते बघू. तिसरा उपदेश केबलचा. केबल लांब असली की वरचे सूर थोडे गळतात, हे खरं. खोलीत तीन मीटरची केबल लागते. नीट डाखलेली, जॅक घट्ट बसणारी साधी केबल तिथे पुरते. सोन्याचा मुलामा सोनाराकडे ठेवा.

आणि परदेशातून आणायचा चौथा मार्ग. अमेरिकेतला मावसभाऊ सुट्टीला येताना "तिकडे स्वस्त आहे" म्हणून मोठा ॲम्प घेऊन येतो. मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं असतं, ते वाचायची कुणाला गरज वाटत नाही. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात प्लग घातला की फ्यूज जातो. नशीब वाईट असेल तर ट्रान्स्फॉर्मरही. तसं होऊ नये म्हणून स्टेपडाउन ट्रान्स्फॉर्मर घ्यायचा, म्हणजे ॲम्पशेजारी आणखी एक जड ठोकळा, आणि त्याची स्वतःची वेगळी घूं. कशासाठी? अर्ध्या वॉटवर वाजवण्यासाठी.

घरचा आवाज खरोखर सुधारायचा असेल तर उपाय आहेत, आणि ते इतके स्वस्त आहेत की सल्लागारांना सांगायला लाज वाटत असावी. बहुतेक घरांत ॲम्प जमिनीवर असतो, पलंगाच्या पायाशी, आणि वाजवणारा त्याच्या अगदी जवळ खुर्चीवर. स्पीकरचं तोंड त्याच्या घोट्यांकडे. स्पीकरमधून खालचे सूर चहूकडे पसरतात, वरचे मात्र सरळ रेषेत पुढे जातात. त्याच्या कानापर्यंत पोचतो तो मंद, दबलेला आवाज. तो ट्रेबल सातवर नेतो, मग आठवर. समोर गादीवर अभ्यास करणारी बहीण त्या सरळ रेषेत बसलेली असते; ती कानात बोटं घालते. पोरगा म्हणतो ॲम्प खराब आहे, बहीण म्हणते पोरगा खराब आहे. ॲम्प स्टुलावर ठेवा, किंवा पुढच्या बाजूखाली दोन जाडी पुस्तकं सरकवून त्याचं तोंड कानाकडे करा. ट्रेबल पाचवर येईल. भिंतीच्या कोपऱ्यात सरकवला तर बेस वाढेल, पुढे ओढला तर कमी होईल. एक पैसा न घालता ॲम्प बदलल्याइतका फरक पडतो.

मग विजेकडे बघा. ॲम्पमधून घूं येते म्हणून लोक ॲम्पच बदलतात, आणि नवाही घूं करतो. जुन्या इमारतींत बोर्डाला तिसरं भोक असतं, पण त्यामागे अर्थिंगची वायर असतेच असं नाही. काही महाभाग तिसरी पिन कापून टाकतात. धातूच्या तारा दोन्ही हातांनी धरायच्या असताना हा उद्योग करणाऱ्याला काय म्हणावं? आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर, पंख्याच्या रेग्युलेटरजवळ, मोबाइलच्या चार्जरशेजारी सिंगल कॉइलची गिटार गुणगुणणारच. त्यात ॲम्पचा काय दोष?

नंतर तारा. मुंबईच्या आणि कोकणच्या दमट हवेत तारा बघता बघता गंजतात. गंजक्या, मेलेल्या तारा लावून लाखाच्या ॲम्पची स्वप्नं बघणारे किती सापडतील! काही शे रुपयांचा नवा सेट आणि एकदा नीट करून घेतलेलं सेटअप, एवढ्यानेच तोच ॲम्प ताजा वाटतो. शेवटी बटणं. गेन पाचच्या खाली, हळू वाजवताना बेस थोडा वर, आणि गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण नुसतं दहावर ठेवायला दिलेलं नाही हे ध्यानात ठेवायचं. एवढं सगळं करूनही हात शिवशिवत असतील तर क्लीन चॅनलपुढे एक चांगला ओव्हरड्राइव्ह पेडल किंवा साधा प्रोसेसर लावा. आणि ॲम्पला बाहेरच्या स्पीकरची सोय असेल, ओहम जुळत असतील, तर कुणाचा तरी जुना बारा इंची कॅबिनेट जोडून बघा. दहा वॉटचं डबडं काय बोलतं ते कळेल. खरं अपग्रेड या क्रमाने होतं, आणि नवा ॲम्प या क्रमात शेवटी येतो.

एक मान्य करतो, म्हणजे कुणी एकांगी म्हणायला नको. अगदी स्वस्तातल्या ॲम्पचं ओव्हरड्राइव्हचं बटण दाबलं की जी किरकिर बाहेर पडते, तिचं समर्थन मी करणार नाही. ते बटण दाबू नका. आणि पूर्ण ताकदीच्या ड्रम्सपुढे तीन वॉट टिकणार नाहीत, हेही खरं. पण तुमच्या बेडरूममध्ये ड्रम सेट आहे का? बँड जमला तर जॅमरूममध्ये ॲम्प असतात, कार्यक्रम मिळाला तर भाड्याने मिळतात. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूसाठी वर्षभर घरात पाय ठेवायची जागा का अडवायची?

घ्यायला जाल तेव्हा एवढंच करा. दुकानात ॲम्प दणदणीत आवाजात वाजवून दाखवतात, कारण मोठ्याने काहीही चांगलं लागतं. तुम्ही व्हॉल्यूम दोनवर आणायला सांगा. सेल्समनच्या कपाळावर आठी पडेल, पडू द्या. दोनवर क्लीन आवाज भरलेला लागतो का? गिटारचं व्हॉल्यूम शून्य केल्यावर ॲम्प शांत राहतो का? व्हॉल्यूमचं बटण हळूहळू चढतं, की एकदम उडी मारतं? हेडफोनची जागा आहे का, मोबाइलवरचं गाणं जोडून त्याच्यासोबत वाजवता येतं का? बस. या प्रश्नांत ट्यूब कुठे आली, शंभर वॉट कुठे आले?

इतक्यावरही मोठ्या ॲम्पचा हट्ट टिकून राहतो, कारण मोठा ॲम्प फोटोत चांगला दिसतो. त्यावर आडवी ठेवलेली गिटार, मागे पिवळा दिवा, खाली कंपनीचं सोनेरी नाव. हौस म्हणून घ्या की! स्वतःच्या पैशाने घ्या, पुसून-पासून ठेवा, कुणाची हरकत नाही. पण आपल्या हौसेला संगीताचा नियम म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. जे पोर आज सहा इंची स्पीकरवर रोज अर्धा तास बसतंय, त्याला "हे खरं नाही" असं सांगून तुम्ही त्याचा टोन सुधारत नाही. तुम्ही त्याला पैसे साठेपर्यंत न वाजवायची सबब देता. आणि ती सबब एकदा मिळाली की पोरं ती मनापासून पाळतात.

तेव्हा पुन्हा एकदा, ठणकावून. ज्या आवाजात तुम्ही रोज वाजवणार आहात, त्या आवाजात जो चांगला वाजतो तोच तुमच्यासाठी चांगला ॲम्प. तो पाच वॉटचा असो की दहाचा, ट्यूबचा असो की चिपचा, नवा असो की कुणी वापरून विकलेला. याउपर कुणी शंभर वॉटची शिफारस घेऊन आलाच, तर त्याला म्हणावं, दादा, रात्री साडेदहाला माझ्या घरी ये, तुझा ॲम्प आण, आणि तुझा तो टोन वाजवून दाखव. सेक्रेटरीला निरोप मी पाठवतो.